ऑटोमॅटिक पिकअपचा गिअरबॉक्स कशाने जातो, कशाने टिकतो

"ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक. कामाच्या गाडीला मॅन्युअलच हवी," हे कुठल्याही गॅरेजच्या बाकड्यावर ऐकायला मिळतं. त्याला एक आकडा पुरेसा आहे. भारतात मिळणाऱ्या टोयोटा हायलक्समध्ये २.८ लिटरचं, २०४ पीएसचं एकच डिझेल इंजिन आहे. मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत कंपनी त्यातून ४२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, घेते आणि सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसोबत ५००. जास्तीचा जोर सोसायचं काम कंपनीने नाजूक म्हटल्या जाणाऱ्या गिअरबॉक्सवर टाकलंय.

मग ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खराब होतातच कसे? जोराने ते क्वचित तुटतात. बहुतेक वेळा ते आतल्या आत शिजतात. ऑइल तापतं, जळतं, पातळ होतं, त्यातून दाब कमी होतो, गिअर पकडून ठेवणाऱ्या प्लेटा घसरायला लागतात आणि घसरण्याने ऑइल आणखी तापतं. हे चक्र एकदा सुरू झालं की दहा-पंधरा हजार किलोमीटरमध्ये गाडी टोचन करून आणायची वेळ येते. पुढे जे काही सांगितलंय ते हे चक्र सुरू होऊ नये यासाठी.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर मालाच्या पिकअप अजून जवळपास सगळ्या मॅन्युअल आहेत. ऑटोमॅटिक दिसते ती हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉससारख्या दुहेरी केबिनच्या गाड्यांत. व्ही-क्रॉसला १.९ लिटरचं, १६३ पीएस आणि ३६० न्यूटन-मीटरचं इंजिन आहे, आणि तिलाही सहा गिअरचा ऑटोमॅटिक मिळतो. इथली उदाहरणं याच दोन गाड्या समोर ठेवून दिली आहेत. तत्त्व मात्र टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमधून जोडणारा भाग) असलेल्या कुठल्याही पिकअपला लागू आहे.

गाडीची रचना गिअरबॉक्सवर कुठे भार टाकते

पिकअप म्हणजे शिडीसारखी चासी, मागे पाट्यांची सस्पेन्शन आणि बहुतेक वेळ रिकामा असणारा हौदा. रिकाम्या गाडीत वजन पुढे असतं, मागची चाकं हलकी. ओल्या मातीत किंवा खडीवर ॲक्सिलरेटर दाबला की मागचं चाक सुटतं, गरगर फिरतं आणि एकदम पकड मिळते. त्या क्षणी चाकाचा सगळा वेग प्रोपेलर शाफ्टमधून (गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल जोडणारा दांडा) उलटा गिअरबॉक्सवर आदळतो. मॅन्युअल गाडीत हा झटका क्लच प्लेट आणि दात सोसतात. ऑटोमॅटिकमध्ये तो आतल्या फ्रिक्शन प्लेटांवर येतो, आणि टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल त्यातला बराचसा गिळतं. झटका असा मरतो खरा, पण त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये समोरासमोर दोन पंखे असतात, मधे दिशा वळवणारा तिसरा. इंजिनाकडचा पंखा ऑइल फेकतो, त्या ऑइलने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. दोघांच्या वेगात फरक असतो तेव्हा टॉर्क वाढून मिळतो, उभ्या गाडीवरून निघताना जवळपास दुप्पट. पण तोच फरक म्हणजे घुसळण. समजा, भरलेली गाडी घाट चढतेय, इंजिन ६० किलोवॅट देतंय आणि लॉक न झालेला कन्व्हर्टर त्यातले ८५ टक्के पुढे पोचवतोय. उरलेले ९ किलोवॅट ऑइलमध्ये जातात. घरातले दोन किलोवॅटचे चार-पाच गीझर एकाच वेळी चालू करून नऊ-दहा लिटर ऑइलमध्ये बुडवले, असा हिशेब आहे. कूलर नसेल तर हे ऑइल काही मिनिटांत उकळत्या पाण्याच्या पुढे जाईल.

म्हणून कन्व्हर्टरच्या आत लॉक-अप क्लच असतो. ठरावीक वेगानंतर तो दोन्ही बाजू घट्ट जोडतो आणि घुसळण थांबते. पिकअपच्या गिअरबॉक्सचं आयुष्य मुख्यतः यावर ठरतं की गाडी किती वेळ लॉक असते आणि किती वेळ घुसळते. वजन, टायर, गिअरचं गुणोत्तर, चालवणाऱ्याचा पाय हे सगळं शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतं.

फोर-बाय-फोरची रचनाही इथे महत्त्वाची. हायलक्स आणि व्ही-क्रॉसमध्ये ट्रान्स्फर केसमध्ये (चारही चाकांना जोर वाटणारी पेटी) लो रेंज, म्हणजे आणखी एक आखूड गुणोत्तर, आहे, जी चाकांकडे जाणारा टॉर्क साधारण अडीच पट करते. म्हणजे तीच गाडी तोच चढ लो रेंजमध्ये चढली तर कन्व्हर्टरवर येणारं ओझं तितकंच कमी होतं. फोक्सवॅगन अमारोकच्या पहिल्या पिढीत आठ गिअरच्या ऑटोमॅटिकसोबत लो रेंज नव्हतीच. तिथे पहिला गिअरच खूप आखूड ठेवून काम भागवलं होतं. दोन्ही मार्ग चालतात. पण ज्या गाडीत लो रेंज आहे तिने ती न वापरता दगडगोट्यांच्या चढावर हायमध्येच रेटत राहणं म्हणजे ऑइल तळणं.

उलट, कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर जोडून ठेवणंही चुकीचं. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल (वेगातला फरक सोसणारी गिअरची जोडणी) नाही. वळणावर दोन्ही ॲक्सलच्या वेगातला फरक जायला जागा नसते आणि पूर्ण ड्राइव्हलाइन पिळली जाते. स्टिअरिंग जड झालं आणि गाडी आपोआप थांबायला बघतेय असं वाटलं तर तेच कारण.

जुनी ऑटोमॅटिक पिकअप घेताना

गाडी थंड असताना पोचायचं. विकणाऱ्याने "जरा गरम करून ठेवतो" म्हटलं तर नको म्हणायचं, कारण अर्धे दोष थंडपणीच दिसतात आणि उरलेले अर्धे पूर्ण गरम झाल्यावर. दोन्ही बघायचेत.

थंड इंजिन चालू करून, ब्रेक दाबून, न्यूट्रलवरून डी-मध्ये (ड्राइव्ह) टाका आणि मनात मोजा. एक-सव्वा सेकंदात गाडीने हलकीशी ओढ दाखवली पाहिजे, रिव्हर्सला फार तर दीड सेकंद. दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग धाड्कन झटका, तर आत दाब तयार व्हायला वेळ लागतोय. ऑइल कमी असेल, जाळी चोंदली असेल किंवा सील कडक झाले असतील.

मग रस्त्यावर. साठ ते ऐंशीच्या वेगात, सपाट रस्त्यावर, ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवून चालवा. रम्बलरवरून गाडी चाललीय असा एक-दोन सेकंदांचा थरथराट जाणवला तर लॉक-अप क्लचवर संशय घ्या. इंजिन मिसफायरनेही असंच होतं, म्हणून एक सोपी चाचणी: थरथराट चालू असतानाच डाव्या पायाने ब्रेक पेडल नुसतं स्पर्श होईल इतकं दाबा, फक्त ब्रेक लाइट लागेल एवढं. लाइट लागताच बहुतेक गाड्या लॉक-अप सोडतात. थरथराट त्याच क्षणी गेला तर कन्व्हर्टर. तसाच राहिला तर इंजिन, माउंट किंवा प्रोपेलर शाफ्ट बघा. मागून कुणी नाही याची खात्री करूनच हे करा.

लॉक-अपचा हा थरथराट नेहमी झिजेनेच येतो असं नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या २०१५ ते २०१९ या काळातल्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिक पिकअपमध्ये ही तक्रार मोठ्या प्रमाणावर आली. मूळ ऑइल ओलावा शोषून घ्यायचं आणि क्लचची पकड बिघडायची. कंपनीने वेगळ्या बनावटीचं ऑइल ठरवून जुनं पूर्ण काढून टाकण्याची पद्धत दिली. आपल्या गाडीला हा धडा असा लागू होतो: थरथराट नुकताच सुरू झाला असेल तर कन्व्हर्टर उतरवण्याआधी योग्य ऑइलने पूर्ण बदल करून बघा. खर्चात प्रचंड फरक आहे.

चढावर अर्धा ॲक्सिलरेटर देऊन दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाताना आरपीएमकडे नजर ठेवा. काटा खाली यायच्या आधी तीन-चारशेने उसळत असेल तर प्लेटा घसरतायत. हा दोष ऑइल बदलून जात नाही. गाडी सोडून द्या किंवा गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

शेवटी स्कॅनर लावायचा. हजार-दोन हजारांचा ब्लूटूथ स्कॅनरही चालतो, फक्त गिअरबॉक्सचा संगणक वाचणारं ॲप हवं. पी०७०० हा कोड आला तर गिअरबॉक्सने काहीतरी नोंद केलीय एवढंच कळतं, खरा कोड आत असतो. पी०२१८ म्हणजे ऑइल मर्यादेबाहेर तापलं होतं. पी०७४१ म्हणजे लॉक-अप नीट लागत नाही, आणि पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर चुकतंय, म्हणजेच काहीतरी घसरतंय. एकही कोड नाही आणि "किती किलोमीटरपूर्वी कोड पुसले" हा आकडा वीस-तीसच दाखवतोय? सकाळीच कुणीतरी पुसलेत.

तापमान: कुठला आकडा म्हणजे काय

डॅशबोर्डवर इंजिनाच्या पाण्याचा काटा असतो, गिअरबॉक्सच्या ऑइलचा बहुतेक वेळा नसतो. थेट इशाऱ्याचा दिवा लागतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे स्कॅनर कायमचा लावून फोनवर ऑइलचं तापमान दिसेल अशी सोय करणं हा पहिला सुज्ञ खर्च.

८० ते ९५ अंश सेल्सिअस हे नेहमीचं घर. घाटात भरलेली गाडी १०५-११० दाखवली तर घाबरायचं नाही, पण पाय हलका करायचा आणि एक गिअर खाली घ्यायचा. १२० च्या वर गेलं की जागा बघून थांबायचं. १३० च्या पुढे काही वेळ चालवलं असेल तर ऑइल बदलायची तारीख वहीतून पुसून "आता" असं लिहा. ढोबळ नियम असा की वाढत्या दर दहा अंशांना ऑइलचं ऑक्सिडेशन दुप्पट वेगाने होतं. ९० वर साठ हजार किलोमीटर टिकणारं ऑइल ११० वर पंधरा हजारांतच म्हातारं होतं. आत वार्निशसारखा थर बसतो, व्हॉल्व्ह बॉडीतले (ऑइलचा दाब वाटणारा भाग) बोटाएवढे व्हॉल्व्ह अडकायला लागतात, सील कडक होतात.

थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. गिअरबॉक्सचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद केलं की ऑइल कूलरपर्यंत जाणंच थांबतं आणि कन्व्हर्टरमधली उष्णता तिथेच राहते. पी-मध्ये (पार्क) टाकून, हँडब्रेक ओढून, आरपीएम बाराशे-पंधराशेवर पाच-सात मिनिटं ठेवा. तापमान डोळ्यांदेखत उतरतं.

घाट, ट्राफिक आणि चिखल

बोरघाटात किंवा आंबा घाटात ट्रकच्या मागे अडकलात, गाडी दहा-पंधराच्या वेगाने रेंगाळतेय, गिअर दुसऱ्या-तिसऱ्यात वरखाली करतोय. हीच गिअरबॉक्सची सर्वात वाईट अवस्था: प्रत्येक बदलाला प्लेटा घासल्या जातात आणि लॉक-अप लागतच नाही. गिअर स्वतः निवडायच्या मोडमध्ये जाऊन दुसरा धरून ठेवा. आरपीएम वाढलेलं वाटेल, वाढू द्या. जास्त आरपीएमला पंप जास्त ऑइल फिरवतो आणि पंख्यांच्या वेगातला फरक कमी होतो. हायलक्समधला पॉवर मोडही खालचा गिअर जास्त वेळ धरतो, चढावर इको बंदच ठेवा.

चढावर गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरने तोलून धरायची सवय अनेकांना असते. रांग हलेपर्यंत गाडी जागच्या जागी, इंजिन दीड हजारावर. त्या अवस्थेत कन्व्हर्टरची कार्यक्षमता शून्य, म्हणजे इंजिन देतंय ती सगळीच्या सगळी शक्ती उष्णता होते. ऑइल तापायला अर्धा मिनिट पुरे. ब्रेक दाबा.

उतरताना न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे अजून आहेत. वाचत काहीच नाही: गिअरमध्ये पाय उचलला की आजची इंजिनं इंधन तोडतातच. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन ब्रेकिंग जातं, ब्रेक पेटतात, आणि चाकांच्या वेगाने फिरणाऱ्या भागांना रिकाम्या आरपीएमवरचा पंप तुटपुंजं ऑइल देतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा.

चिखलात रुतल्यावर डी आणि आर (रिव्हर्स) आलटून पालटून गाडी झुलवणं शक्यतो टाळा. करावंच लागलं तर प्रत्येक वेळी चाकं पूर्ण थांबू द्या, मगच लिव्हर हलवा. चाकं पुढे फिरत असताना रिव्हर्स टाकला की तो वेग मोडायचं काम एकाच प्लेटांच्या संचावर येतं. तीन-चारदा जमलं नाही तर फावडं काढा. तेही हौद्यातच असतं.

पावसाळ्यात कोकणात आणखी एक घात होतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. गरम गिअरबॉक्स थंड पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायची वाट) किंवा सीलमधून पाणी आत खेचलं जातं. ओढ्यात शिरण्याआधी दहा मिनिटं गाडी निवू द्या. ब्रीदरची रबरी नळी जागेवर आहे, तुटलेली नाही, मातीने बुजलेली नाही, हे दर पावसाळ्याआधी रॅम्पवर बघा. नळी चढवून इंजिनाच्या झाकणाच्या उंचीपर्यंत नेण्याचं काम कुठलंही चांगलं गॅरेज तासाभरात करतं.

पार्किंगचा क्रम: ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक, ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, परत ब्रेक, मग पी. उतारावर थेट पी टाकलं तर अडीच-तीन टनांची गाडी बोटाएवढ्या पार्किंग पॉलवर (पी-मध्ये गिअरबॉक्स अडवणारा खटका) लटकते. सकाळी लिव्हर काढताना जो "टाक्" आवाज येतो तो त्याचाच.

बंद पडली तर दोरीने ओढायची नाही. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे आत कोरडं. फ्लॅटबेड मागवा.

ऑइल बदल, टप्प्याटप्प्याने

"लाइफटाइम ऑइल" या शब्दाचा अर्थ वॉरंटीचं आयुष्य एवढाच घ्यावा. जर्मनीची झेडएफ कंपनी रॅम १५०० सारख्या पिकअपना लागणारा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बनवते. गाडी कंपन्या त्याचं ऑइल कायमचं म्हणत असताना खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. आपल्याकडचं ऊन, घाट आणि ट्राफिक बघता साठ हजार किंवा चार वर्षं, आणि ट्रेलर ओढत असाल किंवा गाडी कायम भरलेली असेल तर चाळीस हजार, हा आमचा सल्ला.

ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घ्यायचं. टोयोटाच्या सध्याच्या अशा गिअरबॉक्सना डब्ल्यूएस नावाचं पातळ ऑइल लागतं. लाल दिसतं म्हणून पॉवर स्टिअरिंगचं किंवा सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) ऑइल ओतण्याचे प्रकार होतात. प्लेटांची पकड ऑइलमधल्या रसायनांवर अवलंबून असते, रंगावर नाही.

१. गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली हवी. नुसतं पुढून जॅक लावून केलेलं काम फुकट, कारण पातळी चुकते.

२. आधी भरायचा बोल्ट उघडून बघा. तो गंजून बसला असेल आणि आपण खालचं ऑइल सोडून मोकळे झालो असू, तर गाडी रॅम्पवरच अडकते.

३. खालचा बोल्ट काढून ऑइल मोजपात्रात घ्या. गिअरबॉक्समध्ये एकूण साधारण दहा लिटर असलं तरी साडेतीनच्या आसपासच निघतं, उरलेलं कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांत राहतं. निघालेला आकडा लिहून ठेवा. काही गाड्यांत सोडण्याचा आणि पातळीचा बोल्ट वेगळा असतो, काहींत एकाच भोकात आतून नळी असते. नळी काढल्याशिवाय सगळं ऑइल येत नाही.

४. रंग आणि वास बघा. गडद तपकिरी हे वयाचं लक्षण. काळं आणि करपलेल्या फोडणीसारखा वास म्हणजे प्लेटा जळल्या. रूह अफजा घातलेल्या दुधासारखं गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी मिसळलंय. गाडी पुन्हा चालूच करायची नाही.

५. चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं) उतरवा. आत चुंबक असतात. त्यांवर काळी, बोटाला मऊ लागणारी पेस्ट नेहमीची. टोचणारे चकचकीत कण, तुकडे किंवा पितळी छटा दिसली तर बेअरिंग, दात किंवा बुश गेलेत. चुंबक पुसून मूळ जागी बसवा, जाळी आणि गास्केट नवी घ्या.

६. चेंबरचे बोल्ट छोटे, बहुधा दहाच्या पान्याचे. हाताच्या अंदाजाने आवळले की ॲल्युमिनियमची आटी जाते किंवा चेंबर वाकून गळती सुरू होते. टॉर्क पाना वापरा, आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून. तिरपे समोरासमोर आवळत जायचं.

७. जेवढं निघालं तेवढंच नवं भरा, वर अर्धा लिटर. इंजिन चालू करून, ब्रेक दाबून लिव्हर पी पासून डी पर्यंत प्रत्येक जागी तीन-चार सेकंद थांबवत न्या आणि परत आणा.

८. स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत राहा. टोयोटाच्या या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये पातळी चाळीस अंशांच्या आसपास तपासतात. नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. इंजिन चालू ठेवूनच पातळीचा बोल्ट काढा. धार लागली तर थेंब-थेंब होईपर्यंत वाहू द्या, काहीच आलं नाही तर वरून भरा. थेंबांवर आलं की नव्या वॉशरसह बोल्ट बंद.

बहुतेक गॅरेज चुकतात ती आठव्या पायरीवर. ७० अंशांवर ऑइल फुगलेलं असतं. तेव्हा पातळी लावली तर थंड गाडीत ऑइल कमी भरतं, आणि पुढच्या घाटात वळणावर पंप हवा ओढतो. रॅम्पवर उभं राहून तापमान विचारा. मेकॅनिकला आकडा सांगता आला नाही तर पातळी लावलेलीच नाही असं समजा.

एका बदलात जुनं किती उरतं तेही मोजून घ्या. दहातले साडेतीन बदलले तर ६५ टक्के जुनंच राहतं. पाचशे-हजार किलोमीटरनंतर दुसऱ्यांदा केलं की ४२ टक्के, तिसऱ्यांदा २७. तीन बदलांना साडेदहा लिटर ऑइल लागतं, मशीनच्या फ्लशिंगलाही साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त. मशीन वाईट नाही, पण त्यासोबत चेंबर उघडून जाळी बदलली जात नसेल तर अर्धं काम झालं. "जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल बदललं की तो जातो" हा समजही इथूनच आलाय. जातो तो आधीच गेलेला असतो. घसरायला लागल्यावर लोक ऑइल बदलतात आणि दोष ऑइलवर येतो.

अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपमध्ये २००१ पासून आलेल्या ॲलिसन १००० गिअरबॉक्सला इंजिनासारखा बाहेरून फिरवून काढायचा फिल्टर आहे. चेंबर न उतरवता पाच मिनिटांत बदलता येतो. दुरुस्ती करणाऱ्याचा विचार करून बनवलेली वस्तू अशी असते. बाकीच्यांनी ही नक्कल का केली नाही, कळत नाही.

जोडकाम करण्याआधी

मोठे टायर हा सर्वात आवडता आणि सर्वात महागात पडणारा बदल. २६५/६५ आर१७ टायरचा व्यास ७७६ मिलिमीटर. त्या जागी २८५/७० आर१७ टाकला तर ८३१. म्हणजे सात टक्के मोठा. प्रत्येक गिअर सात टक्के उंच झाला, वर टायरचं स्वतःचं वजन वाढलं. चढावर लॉक-अप उशिरा लागतं, लवकर सुटतं. शिवाय स्पीडोमीटर शंभर दाखवतो तेव्हा गाडी १०७ ने पळतेय. लोखंडी बंपर, विंच, छतावरचा तंबू, हौद्यावरचं झाकण मिळून दीडशे-दोनशे किलो सहज होतात, आणि हे वजन गाडीच्या क्षमतेतूनच वजा होतं. चार माणसं बसल्यावर हौद्यात प्रत्यक्ष किती टाकायची मुभा उरते, हे आरसी बुकातलं एकूण वजन समोर ठेवून एकदा मांडून बघा. आकडा धक्का देणारा असतो.

रिमॅपबद्दल, म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं प्रोग्रामिंग बदलून जोर वाढवण्याबद्दल, एकच गोष्ट. गिअर बदलताना संगणक क्षणभर इंजिनाचा टॉर्क खाली आणतो, म्हणून प्लेटा कमी घासतात. स्वस्त रिमॅप आणि ॲक्सिलरेटर-बॉक्स ही समज बिघडवतात. टॉर्क ६०० न्यूटन-मीटरवर नेला आणि गिअरबॉक्सचा दाब जुन्याच हिशेबाने राहिला, तर जास्तीचे शंभर प्लेटांच्या घसरण्यात जातात.

जास्तीचा कूलर हा मात्र उपयोगी बदल. थरांचा, प्लेट प्रकारचा घ्या. रेडिएटरमधल्या कूलरच्या नंतर रांगेत जोडा, आधी नाही. एसीच्या कंडेन्सरपासून बोटभर अंतर ठेवा. रबरी नळी ऑटोमॅटिक ऑइलच्या दर्जाचीच वापरा, डिझेलची नको. कूलर लावून पुढे चार मोठे दिवे लावले तर वारा तिथेच अडतो. गाडी वॉरंटीत असेल तर डीलरकडून लेखी घ्या. आणि कूलरवर पैसे घालण्याआधी रेडिएटर-कंडेन्सरमधला चिखल पाण्याच्या साध्या नळाने मागून पुढे धुऊन बघा. प्रेशर वॉशरने पत्रे वाकतात.

गिअरबॉक्स उघडायचीच वेळ आली तर

कोटेशनमध्ये चार गोष्टी आहेत का ते बघा: कन्व्हर्टर बदलणार की उघडून दुरुस्त करणार, प्लेटांचा पूर्ण संच की फक्त जळालेल्या, व्हॉल्व्ह बॉडी धुणार की सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) तपासणार, आणि कूलरचं काय. यातला चौथा प्रश्न विसरला जातो. जुन्या प्लेटांचा चुरा कूलरच्या बारीक वाटांत अडकलेला असतो आणि फ्लश करूनही पूर्ण निघेल याची खात्री नसते. नव्या गिअरबॉक्सला जुना कूलर जोडला की पहिल्याच घाटात तो चुरा आत येतो. कूलर नवाच टाका, नळ्या सॉल्व्हंटने आणि हवेने धुऊन घ्या.

बसवल्यावर संगणकातली जुनी शिकवण पुसून नव्याने शिकवायची असते. जुन्या झिजलेल्या प्लेटांच्या हिशेबाने वाढवलेला दाब नव्या प्लेटांना झटके देतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर हलक्या पायाने, सगळ्या गिअरमधून, रिकाम्या हौद्याने. पाचशेला पुन्हा रॅम्पवर: चेंबरची कड, मागचं सील, कूलरचे जोड कोरडे आहेत का बघा, आणि चाळीस अंशांवर पातळी परत एकदा लावून घ्या.